संगणकपाठ : बेरीज की जोडणी?

उद्देश : जावास्क्रिप्ट या संगणकभाषेतील चल व मूल्याचा प्रकार या संकल्पना विद्यार्थ्यांस स्वाध्यायातून समजाव्यात.

पाठ : फुलंब्री तालुक्यातील प्रत्येक शाळेत रोज होणारी हजेरीची बेरीज उदाहरणादाखल घ्यावी. ‘मुले’ व ‘मुली’ हे दोन चल मानावेत. ही भाषा चलांस देवनागरी नावे चालवून घेते. अंक मात्र इंग्रजीच टंकावे लागतात. पडद्यावरील चौकटींत १८ व १२ भरून अधिक चिन्ह योजिल्यास उत्तर ३० न येता १८१२ येते. कारण चौकटीतील मूल्य संगणक संख्या न मानता अक्षरे मानतो, व अधिक चिन्ह अक्षरे एकापुढे एक जोडते. वजा चिन्ह योजिल्यास मात्र ६ हेच उत्तर मिळते. अक्षरांची वजाबाकी नसल्याने भाषा प्रथम त्यांच्या संख्या करते. दोन्ही मूल्यांस ‘नंबर’ ही आज्ञा लाविल्यास बेरीज ३० येते.

सूचना : आज्ञा चालविण्यापूर्वी प्रत्येकाने अपेक्षित उत्तर पाटीवर लिहावे. १८१२ आल्यास शिक्षकांनी रागावू नये, “हे कोठून आले?” असे विचारावे. कारण शोधतानाच संकल्पना समजते. रागावल्यास मूल पुन्हा प्रयोग करावयास धजत नाही.

स्वाध्याय : ‘७’ हे अक्षर व ३ ही संख्या यांमध्ये प्रथम अधिक व नंतर वजा चिन्ह योजिल्यास काय येईल? कारणासह लिहा.