सराव हीसुद्धा सेवाच : हायडम रुग्णालयाचा धडा



निर्गमाच्या पहिल्या अध्यायातील शिप्रा आणि पुवा या सुइणींचे धैर्य आपल्याला ठाऊक आहे. त्या धैर्याला हातांच्या कसबाचीही जोड होती. या अंकातला पाठ त्या कसबाविषयी आहे.

टांझानियाच्या उत्तर भागात हायडम येथे ल्यूथरन रुग्णालय आहे. नॉर्वेच्या मिशनने ते 1955 साली सुरू केले. इराकू, दातोगा, हाडझा अशा जमातींची वस्ती त्या परिसरात आहे. मोठे शहर दूर असल्याने अडलेल्या बाळंतिणीला जे काही द्यायचे ते तिथेच द्यावे लागते.

2010 साली तेथील कर्मचाऱ्यांना नवजात बाळाला श्वास देण्याचे एक दिवसाचे प्रशिक्षण मिळाले. बाहुलीवर ते सर्वांना छान जमू लागले, पण प्रत्यक्ष प्रसूतिकक्षात फरक पडला नाही. म्हणून 2011 पासून त्यांनी रीत बदलली. आठवड्याला तीन ते पाच मिनिटांचा सराव आणि महिन्याला 40 मिनिटांची उजळणी, तीही आपल्याच रुग्णालयात, आपल्याच सहकाऱ्यांबरोबर. पहिल्या 24 तासांत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण हजारी 11.1 वरून 7.2 वर आले.

आईसाठी रंगीत तालीम

प्रसूतीनंतर 500 मिलिलिटरहून अधिक रक्त गेले, तर तो अतिरक्तस्राव समजतात. त्याचीही तालीम करता येते. एक सिस्टर पोटावर खोटे गर्भाशय बांधून बाळंतीण होते. आतल्या पिशवीतले लाल पाणी ती नळी उघडून वाहू देते, 'चक्कर येतेय' म्हणून कण्हते. मग बाकीच्यांची परीक्षा असते. मदतीला हाक मारणे, पोटावरून गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन देणे, सलाईन लावणे, वार पूर्ण पडली का ते पाहणे. प्रत्येक जण केलेले काम मोठ्याने सांगतो, म्हणजे औषध दोनदा दिले जात नाही आणि राहूनही जात नाही. बाळंतिणीला धीर देणे हाही तालमीचा भाग असतो. शेवटी सगळे बसून बोलतात : काय जमले, काय सुटले? कुणाला रागावत नाहीत. रागावले तर चूक लपते, आणि लपलेली चूक पुढच्या बाळंतिणीच्या जिवावर उठते.

पुढे अशा सरावाला इतर सुधारणांची जोड देऊन टांझानियातील 30 रुग्णालयांत काम झाले. सुमारे 3 लाख माता-बालकांचा तो अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील मातामृत्यू सुमारे 75 टक्क्यांनी घटले.

आपल्यासाठी

देणगी देताना आपल्याला यंत्र आवडते, कारण ते दिसते आणि त्यावर नाव कोरता येते. दर आठवड्याच्या पाच मिनिटांवर नाव कोरता येत नाही. पण सरावाचे साहित्य, त्याची देखभाल आणि सराव घेणाऱ्या सिस्टरचा वेळ यांनाही खर्च असतो. सरावाचे हात नसतील तर यंत्र कपाटातच राहते.

मंडळीत चर्चेसाठी

1. आपण ज्या रुग्णालयाला मदत करतो, तेथे शेवटचा सराव केव्हा झाला, हे आपण कधी विचारले आहे काय?
2. न दिसणाऱ्या कामासाठी नियमित देणे आपल्याला जड का जाते?
3. चूक मोकळेपणाने सांगता येईल असे वातावरण आपल्या मंडळीत आहे काय?

या आठवड्यात रात्रपाळीच्या सिस्टरांसाठी प्रार्थना करावी.