परदुःखाची जाणीव : वर्गातील एक पाठ

भूतदया, परोपकार, शेजारधर्म हे शब्द प्राथमिक शाळेतील मुलांना लवकर पाठ होतात. त्यांवर दहा ओळी लिहावयास सांगितल्यास बहुतेक मुले त्या बिनचूक लिहितात. आणि मधल्या सुटीत त्यांच्यापैकीच काही जण एखाद्या तोतऱ्या सोबत्याची नक्कल करून हसतात. यात मुलांचा दोष थोडा आहे. परदुःखाची जाणीव सांगून दिली जाते. ती वस्तुतः ऐकून यावयाची असते.

धाराशिव जिल्ह्यातील शिक्षकांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाची रात्र सरत असता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी, तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर आणि आसपासची अनेक गावे क्षणात कोसळली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद, म्हणजे उन्हाळ्यात गारवा देणारे घरच, निजलेल्या माणसांवर आले. सुमारे आठ हजार माणसे दगावली.

मदत देशातून व परदेशांतूनही आली, आणि ती मोठ्या मनाने आली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथील घरे कुटुंबाच्या जमिनीच्या मानाने २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची ठरली. हिशेब सोयीचा होता. परंतु कित्येक गावांत त्यामुळे जुनी आळी मोडली. पिढ्यान्पिढ्या ज्या दारी विरजण मागावयास जावयाचे, ते दार रुंद, सरळ रस्त्यांच्या पलीकडे कोठे तरी गेले. भिंती मजबूत मिळाल्या, शेजार मात्र गेला. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. राहणाऱ्यांना पुरेसे विचारले गेले नव्हते, इतकेच.

ज्या गावांत घरे आहे त्याच जागी दुरुस्त करावयाची होती, तेथे निराळी रीत पडली. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने शासनाने गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले. कुटुंबांच्या अडचणी ऐकून घेणे, शासनाची योजना व भूकंपाला टिकणारे बांधकाम त्यांना समजावून देणे, हे त्यांचे काम. घराबाहेर चार माणसांत बोलण्याची ज्यांना सवय नव्हती, अशाही स्त्रिया त्यात होत्या.

या गोष्टीचा खरा अर्थ सुमारे सात वर्षांनी उलगडला. २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातेत कच्छला भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या स्त्रिया तिकडे गेल्या. भाषा परकी, मुलूख परका. परंतु घर पडल्यानंतरचा पहिला पावसाळा कसा जातो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. पुढे डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील लोकांपर्यंतही हा अनुभव पोचला.

इयत्ता चौथी-पाचवीच्या वर्गात ही हकीकत नकाशासह सांगावी. किल्लारी, सास्तूर, भूज ही ठिकाणे मुलांनी स्वतः दाखवावीत. नंतर एकच प्रश्न विचारावा : कच्छला पोचल्यावर त्या स्त्रियांनी प्रथम काय विचारले असेल? मुलांची उत्तरे फळ्यावर लिहावीत. त्यांत चूक-बरोबर करू नये.

दुसऱ्या दिवशी मुलांच्या जोड्या पाडाव्यात. एकाने आपल्या एखाद्या दिवसाची गोष्ट सांगावी, दुसऱ्याने ती मध्ये न बोलता ऐकावी आणि मग ‘मी’ म्हणून वर्गाला सांगावी. सांगणारा चुकला तर मूळ मुलाने दुरुस्त करावे. ही दुरुस्ती हाच पाठाचा गाभा होय. आपण ऐकले असे वाटते, पण पुष्कळदा आपण आपलेच काही त्यात घातलेले असते, हे मुलाला तेथे प्रत्यक्ष कळते. (मोठ्यांनीही हा खेळ एकदा खेळून पाहावा.) जोड्या नेहमीच्या मित्रांच्या नसाव्यात.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. भूकंपात ज्या घरची माणसे गेली, तेथील मुलाला घरच्या आठवणी विचारून आणण्याची सक्ती करू नये. कोणत्याही मुलाचे दुःख वर्गापुढे मांडावयास लावू नये. त्याने आपण होऊन सांगितले तर ऐकावे.

जिल्ह्यातील पुष्कळ शाळांत या पाठाची परीक्षा हंगाम संपताना होते. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला जातात, आणि त्यांच्याबरोबर गेलेली मुले चार-पाच महिन्यांनी परततात. असा मुलगा दारात उभा राहिला, की ‘इतके दिवस कोठे होतास?’ हा प्रश्न बहुधा दरडावण्याच्या सुरात येतो, आणि वर्ग तो सूर तत्काळ उचलतो. तोच प्रश्न शिक्षकाने खरोखर उत्तर हवे म्हणून, शेजारी बसवून घेऊन विचारावा. मुलगा कोपीबद्दल सांगेल, पहाटेच्या थंडीबद्दल सांगेल, वाढ्याच्या पेंढ्या किती बांधल्या ते सांगेल. पेंढ्यांचा हिशेब निघाला, तर त्या दिवशीच्या गणिताला तोच घ्यावा; आणि फळ्यावर तो मांडावयास त्यालाच बोलवावे.