विषातून जीवदान

गेल्या पावसाळ्यात आमच्या ऑब्स्टॅकल कोर्सच्या भिंतीखाली नाग निघाला. हॉकी स्टिक उचलणाऱ्यांत मी पहिला होतो. उस्तादांनी परेडच्या आवाजात "थम!" म्हटले, सगळ्यांना मागे घेतले आणि साप पकडणाऱ्याला बोलावले.

मला राग येण्याचे कारण होते. दोन वर्षांपूर्वी गावी जमिनीवर झोपलेल्या माझ्या चुलत भावाला मण्यार चावली. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही. पोटात दुखते म्हणून तो पहाटे उठला, तेव्हा पापण्या मिटत होत्या. काकांनी त्याला आधी मांत्रिकाकडे नेले. तिथे दोन तास गेले. मग रुग्णालयात प्रतिविष मिळाले आणि चार दिवस व्हेंटिलेटरवर राहून तो वाचला.

हे ऐकून जीवशास्त्राच्या सरांनी विचारले, "ते औषध कशापासून बनले?" मला उत्तर आले नाही. तेच शोधून हा लेख लिहीत आहे.

प्रतिविष बनवायला सापाचेच विष लागते. चेन्नईजवळ वडनेम्मेली येथे इरुळा आदिवासींची सहकारी संस्था आहे. इरुळा लोक पूर्वी कातड्यासाठी साप पकडत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो धंदा बंद पडला. मग सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या मदतीने १९७८ मध्ये ही संस्था उभी राहिली. आज देशातील प्रतिविषासाठी लागणारे बहुतांश विष तिथून येते.

वनखात्याच्या परवानगीने ठरावीक संख्येत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे पकडतात. प्रत्येक साप मातीच्या मडक्यात ठेवून तोंडाला कापड बांधतात. आठवड्यातून एकदा, असे चार वेळा विष काढतात. सापाला पातळ पडदा लावलेल्या काचेच्या भांड्यावर चावायला लावले की विष आत उतरते. शेवटी पोटाच्या खवल्यावर खूण करून त्याला रानात सोडतात, म्हणजे तोच साप लगेच पुन्हा पकडला जात नाही. याच समाजातील वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

विष गोठवून, सुकवून त्याची पूड करतात. औषध कारखान्यात ते अगदी थोड्या, हळूहळू वाढत्या मात्रेत घोड्यांना टोचतात. घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. ती वेगळी करून कुपीत भरली की झाले प्रतिविष. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामात जुने आहे.

या औषधालाही मर्यादा आहेत. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, म्हणून वेगवेगळ्या राज्यांतील विष गोळा करावे, असे शास्त्रज्ञ सांगतात. शिवाय प्रतिविष शरीरात फिरणारे विष निकामी करते. झालेले नुकसान ते भरून काढत नाही. माझ्या भावाचे ते दोन तास म्हणूनच इतके महाग पडले.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे मेली, असा अंदाज आहे. म्हणून मित्रांनो, लक्षात ठेवा: दंशाची जागा कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका. रुग्णाला धीर द्या, चालू देऊ नका, हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा आणि थेट रुग्णालयात न्या. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. मुलाला आणि मोठ्याला प्रतिविषाची मात्रा सारखीच लागते, कारण साप वय पाहून कमी विष सोडत नाही.

आमचा नाग पिशवीत घालून दूर रानात सोडला गेला. आता मी सकाळी बूट झटकून घालतो आणि रात्री टॉर्चशिवाय बाहेर पडत नाही. दिवाळीच्या सुट्टीत काकांना दोन गोष्टी सांगणार आहे: पोरांना खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपवा, आणि पुन्हा कोणाला साप चावला, तर गाडी आधी दवाखान्याकडे वळवा.

– एक कॅडेट, इयत्ता दहावी