डिझेल पिकअप : ताकद वाढविण्यापूर्वी हवा तपासा

शेतमाल नेणाऱ्या पिकअपची चढावर ओढ कमी पडली, की पंपातून डिझेल वाढवून घेण्याकडे बऱ्याच शेतकरी बंधूंचा कल असतो. प्रथम टर्बोचे काम समजून घ्यावे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर टर्बोचे एक चाक फिरते व त्याच दांड्यावरील दुसरे चाक सिलिंडरमध्ये जादा हवा भरते. हवा न वाढविता डिझेल वाढविल्यास ते पूर्ण जळत नाही. काळा धूर येतो, उष्णता वाढते आणि पिस्टन व टर्बो निकामी होऊ शकतात.

म्हणून पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. एअर फिल्टर चोंदला असल्यास बदलावा. धुळीच्या रस्त्यावर तो लवकर चोंदतो.

२. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळ्या व क्लिपा पाहाव्यात. फट असल्यास हवा वाया जाते.

३. डिझेल फिल्टरमधील पाणी काढावे.

४. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेऊ शकतो व ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. शिफारस केलेले ऑइल मुदतीत बदलावे. चढ चढून आल्यावर इंजिन एक-दोन मिनिटे मंद चालवून मगच बंद करावे.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत डिझेलची मात्रा संगणक ठरवितो. त्यात फेरफार करू नये. ताकद वाढविली तरी ब्रेक व पाटे तेच राहतात, हे जादा माल भरताना ध्यानात ठेवावे.