तलावातली मरळ

मंडळी, मासे म्हटलं की आपल्याला आठवतं ते कोकण. पापलेट, सुरमई, बांगडा! पण महाराष्ट्राच्या पार पूर्वेला, समुद्रापासून लांब, भंडारा-गोंदियाकडे मासा येतो तो तलावातून. त्यातला मानाचा म्हणजे मरळ.

हे तलाव गोंड राजांच्या काळापासून भातशेतीसाठी बांधले गेले. बांधणारे मुख्यतः कोहळी समाजातले जाणकार. नवेगाव बांध त्यातलाच. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि हे ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच ‘मामा’ तलाव झाले. धानाला पाणी आणि ढिवर समाजाला मासे, अशी दोन पोटं एका तलावावर भरतात.

मरळ मोठी अजब. कल्ले असूनही तिला वर येऊन हवा घ्यावीच लागते. म्हणूनच आटत्या तलावाच्या चिखलातही ती तग धरते आणि बाजारात जिवंत मिळते. पावसाळ्यात नर-मादी काठच्या उथळ पाण्यात, वनस्पतींच्या आडोशाला घरटं करतात. तरंगणारी अंडी आणि पिल्लं दोघं राखतात.

स्वयंपाकात तिचं कौतुक काटे कमी म्हणून. अंगावरचा बुळबुळीतपणा राख किंवा मीठ चोळून काढायचा, तुकड्यांना हळद-मीठ लावायचं. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, आलं-लसूण, धने वाटून झणझणीत रस्सा करायचा. सोबत गरम भात. पोळी नकोच!

गंमत बघा, इथे अमेरिकेत मरळीच्या कुळाला ‘स्नेकहेड’ म्हणतात आणि २००२ पासून त्याच्या जिवंत आयातीला बंदी आहे. मेरीलँडच्या नद्यांत शिरलेली तिची चिनी बहीण कमी व्हावी म्हणून लोकांना ‘पकडा आणि खा’ असं सांगावं लागतं. तिकडे आपल्या तलावांत मात्र उलटं घडलं. गाळ साचला, बेशरम माजली, पाण्यातल्या देशी वनस्पती गेल्या, आणि सोडलेल्या रोहू-कटल्याच्या गर्दीत देशी मासे मागे पडले. आडोसा नाही तर घरटं नाही, आणि घरटं नाही तर मरळ नाही.

यावर उपाय आहे, आणि तो गावातूनच आलाय. गोंदिया जिल्ह्यात ढिवर बायकांच्या गटांनी बेशरम उपटून तलावांत देशी वनस्पती पुन्हा लावल्या. काम चिखलातलं, कष्टाचं, आणि दरवर्षी राखावं लागणारं. आपण देतो तो निधी अशा हातांना मजुरी आणि रोपं देऊ शकतो. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी माशाचं ताट वाढाल तेव्हा एक घास या तलावांच्या नावानं काढून ठेवूया.