आधी काट्याला विचार

बाळा, पद्मिनी गाडीच्या टाकीतलं पेट्रोल मोजणारं युनिट नवं घ्यायचंय असं तू काल म्हणालास, तेव्हा मी नुसतं "थांब" म्हटलं. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आता सवडीने लिहितोय. कुर्ल्यात तयार झालेल्या या गाड्यांखाली माझी उमेदीची वर्षं गेली. २०२३च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं होतं. तुझी गाडी चालती राहावी, घाटात मधेच कोरडी पडू नये, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की कर. टाकीतलं युनिट आणि डॅशबोर्डवरचा काटा ही जोडी आहे, आणि जोडीत मान काट्याचा. फ्लोट पेट्रोलाबरोबर वरखाली होतो, त्याची दांडी बारीक तारेच्या गुंडाळीवरून सरकते, तसा रेझिस्टन्स बदलतो आणि काटा तो बदल वाचतो. आता कुठला आकडा म्हणजे रिकामी आणि कुठला म्हणजे भरलेली, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं. जुन्या फोर्डात रिकाम्या टाकीला ७३ ओहम, भरलेल्या टाकीला १०. जनरल मोटर्सच्या १९६५ नंतरच्या गाड्यांत उलटं, रिकामीला ०, भरलेलीला ९०. व्हीडीओ कंपनीचं युरोपीय युनिट १० पासून १८० पर्यंत जातं. वरून बसवायच्या अमेरिकी मीटरांना २४० ते ३३ लागतं. त्यामुळे "सगळ्या गाड्यांना चालतं" असं कुणी म्हणालं, की त्या दुकानातून उतरायचं.

मी हे धडपडून शिकलोय. एका गिऱ्हाइकाच्या गाडीत असंच सगळ्यांना चालणारं युनिट बसवलं. दिवसभर टाकी खोलून, पॅकिंग बदलून, घासूनपुसून काम केलं. संध्याकाळी पंपावर गेलो, किल्ली चालू ठेवून पोराला पेट्रोल भरायला सांगितलं आणि मी काट्याकडे बघत बसलो. एकेक लिटर आत जात होतं तसा काटा खाली येत होता. टाकी गळ्यापर्यंत भरली आणि काटा रिकामीवर टेकला. युनिट चांगलं होतं, जोडी चुकली होती. दुसऱ्या दिवशी सगळं परत उतरवलं.

म्हणून आधी काट्याची परीक्षा घे, आणि ती टाकीपाशी नको, डॅशबोर्डच्या मागच्या टोकाला घे. टाकीजवळ एक ठिणगीसुद्धा नको. युनिटकडे जाणारी वायर तिथे मोकळी कर. मग लॅमिंग्टन रोडवर मिळतात ते पाच वॉटचे रेझिस्टर आण, १०, ३३, ६८, १००, १८०, २४० असे. एकेक करून वायर जाते त्या टोकाला आणि बॉडीला लाव आणि काटा कुठे थांबतो ते वहीत लिही. किल्ली फिरवल्यावर काटा सावकाश चढत असेल तर आत तापणारी पट्टी आहे. अशा मीटरची वायर सरळ अर्थला धरून ठेवू नकोस, मीटर जळतं. आणखी एक. अशा काट्यांना वीज बहुतेक वेळा स्टॅबिलायझरमधून मिळते. पेट्रोलचा आणि पाण्याच्या उष्णतेचा, दोन्ही काटे एकदमच खोटं बोलायला लागले, तर टाकीला हात लावू नकोस, आधी स्टॅबिलायझर तपास.

काटा शाबूत निघाला तर अर्थिंग बघ. युनिटची चकती टाकीला, टाकी बॉडीला, असा परतीचा रस्ता असतो. तू टाकीला छान रंग मारलायस, खाली रबर घातलंयस, मग रस्ता बंदच झाला ना? चकतीच्या एका स्क्रूपासून चेसीपर्यंत वेगळी वायर टाक. किती तरी युनिटं विनाकारण भंगारात गेलेली मी पाहिली आहेत, दोष फक्त अर्थचा होता.

आता फ्लोटकडे वळू. जुने फ्लोट बुचाचे, वरून चपड्याचा लेप दिलेला. सुतार पॉलिशला चपडा कशात विरघळवतो, आठवतंय? स्पिरिटमध्ये. आणि आता पंपावरच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं, म्हणजे त्याच जातीचं स्पिरिट. लेप सुटतो, बूच पेट्रोल पितं, फ्लोट जड होतो आणि भरल्या टाकीत काटा खाली पडतो. असं युनिट जुन्या बाजारात कितीही कोरं मिळालं तरी बुचासकट वापरू नकोस. नायट्राइलच्या बंद फोमचा फ्लोट घे, नाहीतर पितळी. पितळी असेल तर कानाशी धरून हलव, आत खळखळलं तर भोक आहे. गरम पाण्यात बुडव, बुडबुडा निघेल तिथे खूण कर. पण आत पेट्रोल असताना सोल्डरचा डाग द्यायला जाऊ नकोस, हे माझं हात जोडून सांगणं. आणि फ्लोट पाण्यावर तरंगला म्हणून भुलू नकोस. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यात तो बुडू शकतो.

उभ्या नळीचं युनिटही मिळतं, आत चुंबक आणि रीड स्विच. दांडी नसल्यामुळे टाकीतल्या आडपट्ट्यांना अडकत नाही. फक्त लांबी टाकीच्या खोलीपेक्षा थोडी कमी हवी, आणि काटा पायरी-पायरीने सरकेल हे धरून चाल. कपॅसिटन्सवर चालणारं आधुनिक युनिट मात्र घेऊ नकोस. इथेनॉल आणि पाणी त्याचा हिशेब पार बिघडवतात.

दुकानात जाताना पुठ्ठ्यावर चकतीची छाप घेऊन जा, भोकांसकट. पाच भोकं आहेत म्हणून बसेलच असं नाही, मधली अंतरं बघावी लागतात. बॅटरीची निगेटिव्ह काढल्याशिवाय टाकी उघडू नकोस आणि आत बल्ब सोडून डोकावू नकोस. रिकाम्या टाकीत वाफ साठलेली असते, ती भरल्या टाकीपेक्षा वाईट.

बसवण्याआधी युनिट हातात धरून दांडी सावकाश फिरव, मल्टिमीटरचा आकडा कुठेही उडी न मारता सरकला पाहिजे. बसवून झाल्यावर कोरड्या टाकीत मापाच्या कॅनने पाच-पाच लिटर ओत आणि दर वेळी काटा कुठे आला ते लिही. टाकीचा आकार वेडावाकडा असतो, त्यामुळे अर्ध्यावरचा काटा म्हणजे अर्धी टाकी असेलच असं नाही. तो कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेव.

जुनं युनिट फेकू नकोस. रविवारी ते आणि मीटर, दोन्ही घेऊन ये. गुंडाळी धड असेल तर नुसता फ्लोट बदलून देतो.