मारुतीच्या छातीला पाणी, हातात छोटा कॅमेरा

गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की नाशिककर आकड्यांत बोलत नाहीत. गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग चालू आहे ते पेपरात येतं, घाटावर विचारतात ते एवढंच, "दुतोंड्याला कुठपर्यंत आलं?" गुडघ्याला, कमरेला, छातीला. रामकुंडाजवळ उभ्या असलेल्या या दुतोंड्या मारुतीला गढूळ पाण्यानं चहूबाजूंनी वेढलं की त्याचं बेट होतं आणि गावातले सगळे कॅमेरे तिकडे वळतात. माझाही वळतो. खिशात मावणारा साधा कॉम्पॅक्ट आहे.

या कॅमेऱ्याचा पुरात एकच मोठा फायदा, तो म्हणजे झूम. लांबच्या, उंच जागेवरून मारुती चौकटीत येतो, मग पायऱ्या उतरायच्या कशाला? तरी लोक उतरतात, आणि त्यांचं लक्ष पाण्याकडे नसतं, पडद्याकडे असतं. पाणी वाढताना आवाज करून सांगत नाही. शिवाय ते फक्त धरणाचं नसतं. गावात पडलेला पाऊस वाघाडीसारख्या नाल्यांतून येऊन मिळतो, त्यामुळे विसर्ग कमी केल्याची बातमी ऐकून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. पायऱ्यांवरचं शेवाळ आणि गाळ तर पाणी उतरल्यावरही दगा देतात. रामसेतू पुलाचं नावच काढू नका, मोठ्या पुरात तोच पाण्याखाली जातो. पोलिसांनी दोर बांधला असेल तर दोराच्या अलीकडून जो फोटो मिळेल तो आपला.

आता कॅमेऱ्याविषयी. कॉम्पॅक्टची भिंग असलेली नळी आत-बाहेर होते आणि पाण्याला शिरायची तीच वाट. माझा आधीचा कॅमेरा असाच गेला. नळीवर थेंब असताना बटण दाबून बंद केला, नळी पाण्यासकट आत गेली आणि पुन्हा बाहेर आलीच नाही. दुरुस्तीचा खर्च ऐकून नवाच घेतला. तेव्हापासून आधी सुती रुमालानं नळी पुसतो, मगच कॅमेरा बंद करतो. दुधाच्या पिशवीला भोक पाडून, रबर लावून केलेलं टोपरं दुकानातल्या महागड्या आवरणाइतकंच चालतं. दिसायला मात्र वाईट. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला तर काचेवर बाष्प धरतं, म्हणून थोडा वेळ तो पिशवीतच राहू द्यावा.

फ्लॅश बंदच ठेवा, नाहीतर पावसाचे थेंब पांढरे ठिपके होऊन चित्रभर पसरतात. पांढुरक्या आभाळामुळे कॅमेरा फसतो आणि मारुती काळा येतो. एक्स्पोजर थोडं वाढवलं की शेंदूर दिसू लागतो. व्हाइट बॅलन्स ढगाळ हवेवर ठेवावा, कारण ऑटोवर कॅमेरा कधी कधी पाण्याचा मातकट रंगच धुऊन टाकतो, आणि पुराचा खरा रंग तोच. डिजिटल झूम कधीच नको. कठड्याला कोपर टेकवून ओळीनं चार-पाच फोटो घ्यावेत, एखादा स्थिर निघतो. नुसता मारुती घेण्यापेक्षा मागची देवळं, बुडालेली टपरी, छत्री धरून उभी माणसं चौकटीत असू द्या. पाणी किती चढलं ते त्यांच्यावरूनच कळतं.

एका गोष्टीकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं: कॅमेऱ्यातलं घड्याळ. 1969 च्या महापुराच्या आठवणी घरोघरी आहेत. 2008, 2016 आणि 2019 च्या पुरांचे फोटोही भरपूर, पण त्यातले कितीतरी बिनतारखेचे. व्हॉट्सॲपवरून फोटो गेला की आतली तारीख-वेळ निघून जाते, मग दर ऑगस्टात 2019 चा मारुती "आत्ताचा" म्हणून फिरू लागतो आणि सराफ बाजारातले दुकानदार उगाच माल हलवायला धावतात. उलट, तारीख-वेळ असलेल्या साध्या फोटोवरून पाणी कुठल्या पायरीपर्यंत किती वाजता पोचलं ते सांगता येतं.

म्हणून घाटावर निघण्याआधी घड्याळ लावून घ्या, आणि फोटो कुणाला पाठवाल तेव्हा खाली तारीख, वेळ आणि कुठून काढला ते लिहा.